चाळीसच्या आत

माझ्या नव्याकोऱ्या स्कूटरवर मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा ती हजार किलोमीटर चालून झाली होती.

हे सांगितलं की लोकांना वाटतं, याने जुनी स्कूटर घेतली आणि लाजेपोटी नवी म्हणून सांगतोय. तसं नाही. चौऱ्याण्णव साली नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरासमोर ती टेम्पोतून उतरली. बायकोने हळदकुंकू वाहिलं, मी नारळ फोडला, किल्ली हातात घेतली, आणि समोरच्या घरातून खैरनार अण्णा लुंगीवरच धावत आले. "सर, हात लावू नका!" विजेची तार तुटून पडली की काय, असं वाटून मी दोन पावलं मागे सरलो. अण्णांनी किल्ली माझ्या हातातून काढून घेतली, किक मारली, गुडघे टेकून इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंचवीस दिवसांनी देतो."

पंचवीस दिवस मी शाळेत सिटीबसने गेलो. माझी स्कूटर रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत फिरायला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मी गॅलरीत उभा राहून बघायचो. बायको म्हणायची, "निदान टाटा तरी करा." सव्विसाव्या दिवशी अण्णांनी ती धुऊन-पुसून माझ्या हवाली केली. खरं सांगायचं तर पुढे सोळा वर्षं त्या स्कूटरने एकदाही कुरकुर केली नाही. त्यामुळे अण्णांवर धड रागावताही आलं नाही.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात, नवी इंजिनं तपासतात त्या शेडमध्ये कामाला होते. सकाळची पाळी संपवून घरी आले की चहा घ्यायचे आणि गल्लीतलं जे काही नवं वाहन असेल ते घेऊन निघायचे. नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर दमाने चालवावं, म्हणजे त्याचे भाग एकमेकांत नीट बसतात, हे त्या काळी सगळ्यांनाच माहीत होतं. गाडीच्या पुस्तकातही लिहिलेलं असायचं. पण पुस्तकात लिहिलेलं पाळायचं असतं यावर विश्वास ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. दारात गाडी आली की लोक आधी पेढे घेऊन अण्णांकडे जायचे, मग देवळात. मोबदला म्हणून अण्णा एक नारळ घ्यायचे. पेट्रोल ज्याचं त्याने भरायचं.

त्यांचे नियम साधे होते. काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. तोही चाळीसला चिकटून राहता कामा नये. वीस, तीस, चाळीस, पुन्हा तीस, असा खालीवर फिरला पाहिजे. दर पंचवीस किलोमीटरला थांबायचं, इंजिनाला पाव तास वारा घालायचा. सकाळी नऊच्या आत इंजिन सुरू करायचं नाही, कारण ऊन वर आल्याशिवाय ऑइल पातळ होत नाही. हा नियम मे महिन्यातही लागू होता. गाडीच्या मागे दोन आकड्यांनी एक पत्र्याची पाटी लटकवायची. तिच्यावर अण्णांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं होतं: "इंजिन नवे आहे. कृपया पुढे जा."

आणि लोक पुढे जायचे. ट्रक जायचे, टेम्पो जायचे, उतारावर सायकलवाले दूधवालेही जायचे. एकदा त्र्यंबक रस्त्यावर वैकुंठरथाने हळूच हॉर्न वाजवला. अण्णांनी गाडी बाजूला घेऊन त्यालाही हात दाखवला. "जाऊ द्या, त्याला घाई आहे," म्हणाले. मी मागच्या सीटवर होतो. मला तिथेच उतरून चालत जावंसं वाटलं, पण अण्णांनी थांबायला नकार दिला, कारण पंचवीस भरायचे होते.

शेवटचा नियम सगळ्यात कडक. हजारावा किलोमीटर जोडीने पूर्ण करायचा. सत्यनारायणाला जशी पत्नी शेजारी लागते, तशी हजाराव्याला सुमनकाकू लागायच्या. लुनापासून ट्रॅक्टरपर्यंत आमच्या भागातल्या प्रत्येक वाहनाच्या हजाराव्या किलोमीटरला काकू नऊवारी सावरून अण्णांच्या मागे किंवा शेजारी बसलेल्या आहेत. ट्रॅक्टरच्या वेळी तर मडगार्डवर बसून त्यांनी केसांतलं सोनचाफ्याचं फूल खाली पडू दिलं नव्हतं.

हे सगळं कुठून आलं, ते अण्णांनी मला एकदाच सांगितलं. कारखान्यात नवे असताना कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी चाचणीवरच्या कोऱ्या इंजिनाला पूर्ण वेग दिला होता. इंजिन एकदा ओरडलं आणि जाम झालं. म्हातारे फोरमन आले. आता नोकरी जाणार, असं अण्णांनी धरूनच चाललं होतं. फोरमन रागावलेच नाहीत. इंजिनावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "अरे, याने अजून जग पाहिलं नव्हतं." त्या दिवशी अण्णांनी शपथ घेतली, की आपल्या हाताखालचं कुठलंही नवं इंजिन चाळीसच्या वर जाणार नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मीही गंभीर चेहरा ठेवला होता. इंजिनासाठी रडणारा माणूस समोर असताना दुसरं काय करणार?

पुढे पुढे तर अण्णांना वाहन लागायचंही नाही. घरात मिक्सर आला तेव्हा पहिले दहा दिवस त्यात नुसतं पाणी फिरत होतं. नवा प्रेशर कुकर पहिला आठवडा एकच शिट्टी देत होता, त्यामुळे आठवडाभर डाळ कच्ची होती. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात अण्णांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पहिलं वर्ष आवाज चढवायचा नाही. दोघं एकमेकांत बसेपर्यंत चाळीसच्या आत." भाऊ अजून हे सांगून हसतो. त्याच्या घरात अजूनही कोणी आवाज चढवत नाही, हेही तितकंच खरं.

या सगळ्यात एक माणूस भरडला जात होता, आणि ते आमच्यापैकी कुणाला दिसत नव्हतं.

सुमनकाकूंचं माहेर सटाणा. नाशिकहून नव्वद किलोमीटर. एसटीला अडीच तास, अण्णांना साडेचार. काकूंच्या माहेरी लग्न निघालं की नेमकी कुठली तरी गाडी हजाराजवळ आलेली असायची. अण्णा म्हणायचे, "गाडी जातेच आहे, जोडीने जाऊ." नऊच्या आधी इंजिन सुरू व्हायचं नाही आणि मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा. धाकट्या बहिणीचं लग्न, चुलतभावाचं, मामेबहिणीचं, भाच्याचं. चारही वेळा काकू पोहोचल्या तेव्हा पंगतीत वरण-बट्टी वाढून झाली होती. कुणीतरी त्यांच्या हातावर उरलेल्या अक्षता ठेवायचं. टाकायच्या कुणावर? नवरा-नवरी जेवायला बसलेले. काकू त्या अक्षता रुमालाच्या टोकाला बांधून घरी आणायच्या. एकदा माझ्या बायकोला त्यांनी तो रुमाल दाखवला. त्यात चार गाठी होत्या. "एकदा तरी मला मंगलाष्टकं ऐकून टाकायच्या आहेत गं," म्हणाल्या. एवढंच. तक्रार करायची सवय त्या घरात फक्त इंजिनांना होती.

मग ती लाल गाडी आली.

कुंभमेळा होऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाबूशेठ नावाचे द्राक्षांचे मोठे बागायतदार होते. त्यांचा माल इंग्लंडला जायचा आणि मुलगा हर्षल तिथेच शिकायला होता. हर्षलने तिकडे एक स्पोर्ट्स कार घेतली आणि बोटीने इकडे पाठवली. कशी, कोणत्या कलमाखाली, किती कागद रंगवून, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. तो स्वतः लग्नाच्या आठवड्यात येणार होता. हर्षलचं लग्न ठरलं होतं काकूंच्या सख्ख्या भाचीशी, सटाण्यात, मे महिन्यात. स्थळ काकूंनीच सुचवलेलं. वरातीला ही गाडी हवी, असं हर्षलने फोनवरून सांगितलं आणि बाबूशेठ म्हणाले, "मग ती आधी अण्णांकडे जाऊ द्या. माझ्या चार ट्रॅक्टरांची इंजिनं त्यांनीच मोकळी केलीत."

गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा सगळी सिडको लोटली. लांबलचक नाक, दोनच माणसांची जागा, छत दुमडून मागे जाणारं, आणि उंची एवढी कमी, की अण्णांना आत बसताना आधी खाली मांडी घालावी लागते की काय असं वाटलं. अण्णांनी कान लावला. बराच वेळ उठेचनात. उठले तेव्हा थेट अहिराणीवर आले. फार आनंद झाला की ते माहेरच्या, म्हणजे काकूंच्या आणि त्यांच्या स्वतःच्या, बोलीत शिरायचे. "आयका सर, आयका! इंजिन गाणं म्हनी ऱ्हायनं!"

मग त्या गाण्याच्या पाठीमागे त्यांनी पत्र्याची पाटी लटकवली.

दुसऱ्या दिवसापासून नाशिकने एक दृश्य पाहिलं. लाल भडक, वाघासारखी दबा धरून बसलेली गाडी, आत मफलर गुंडाळलेले, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलेले, पाठ ताठ केलेले खैरनार अण्णा, आणि मागे "कृपया पुढे जा". कॉलेजची पोरं मोटरसायकली काढून शर्यत लावायला यायची. अण्णा त्यांना हात दाखवून वाट द्यायचे. पोरं निराश होऊन परत जायची.

पाचशे झाल्यावर अण्णांनी तिला डोंगरात नेलं. हरसूलच्या बाजारच्या दिवशी मीही सोबत होतो. बाजाराच्या तोंडाशी गतिरोधक होता आणि गाडीचं पोट त्याला टेकत होतं. अण्णा मागे फिरायला तयार नाहीत. शेवटी नाचणीची पोती उतरवणाऱ्या सहा जणांनी आम्हाला गाडीसकट उचलून पलीकडे ठेवलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "माणसं दोनच बसत्यात, मंग एवढी लांब कशाला?" अण्णा म्हणाले, "इंजिन मोठं आहे." "मंग हळू का चालवता?" "नवं आहे." म्हाताऱ्याने माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. येताना त्यांनीच आम्हाला पुन्हा उचलून अलीकडे ठेवलं.

पण या गाडीच्या बाबतीत काहीतरी विचित्र घडत होतं. अण्णा त्र्यंबकला जाऊन यायचे तेव्हा काकूंच्या भाकऱ्या अजून परातीत असायच्या. पूर्वी दोन थांबे धरून त्यांना साडेतीन तास लागायचे. आता ते जेमतेम दोन तासांत दारात. काकूंनी विचारलं, "अर्ध्यातून परत आलात का?" अण्णांनी त्र्यंबकचा अंगारा दाखवला. मग काकू म्हणाल्या, "तुम्ही जोरात चालवताय." हे ऐकून अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. बायको आपल्याला व्यसनी म्हणाली असती, तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

कारण काटा चाळीसच्या वर गेलाच नव्हता. अण्णांची नजर त्याच्यावरून हटत नसे. मग अंतर कमी कसं भरतंय? नाशिक ते त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटरचे दगड, आणि मीटरवर साडेसतरा. अण्णा तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा साडेसतरा. विचारान्ती त्यांनी निष्कर्ष काढला, की कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद केला तेव्हा दगड चुकीचे रोवले. त्यांनी बांधकाम खात्याला अर्ज लिहिला. तो शुद्ध करायला माझ्याकडे आणला. "त्र्यंबक रस्त्यावरील किलोमीटरचे दगड एकमेकांच्या फार जवळ रोवलेले आहेत. अठ्ठावीस दगडांत प्रत्यक्ष अंतर साडेसतरा किलोमीटर भरते. उर्वरित साडेदहा किलोमीटर कोठे गेले, याची चौकशी व्हावी."

मी गणिताचा शिक्षक. मी वजाबाकी तपासली, बरोबर आहे म्हणालो आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून दिले. त्या गाडीत मी स्वतः बसलो होतो, तो काटा मी पाहिला होता. फार सुंदर आहे, एवढंच तेव्हा वाटलं होतं. अर्जाला उत्तर आलं नाही. अण्णांना तोच पुरावा वाटला.

लग्नाच्या आठवड्यात हर्षल आला. आल्या आल्या केळवणं आणि हळद यात अडकला; गाडी त्याने लांबूनच पाहिली. आदल्या संध्याकाळी शेठ, हर्षल आणि वऱ्हाड सटाण्याला निघालं. शेठच्या मोटारीत काकूंसाठी जागा राखून ठेवली होती. काकू पिशवी घेऊन दारापर्यंत आल्या. मीटरवर तेव्हा नऊशे दहा झाले होते. सटाणा नव्वदवर. हजारावा किलोमीटर बरोबर मांडवाच्या दारात पडणार होता. अण्णा ओट्यावर बसून पाटी पुसत राहिले. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवली.

मला ते बघवलं नाही. शेठनाही नसावं. त्यांनी त्यांची जीप आणि संपत नावाचा ड्रायव्हर मागे ठेवला आणि मला हळूच सांगितलं, "सर, तुम्ही अण्णांच्या मागे या. उशीर व्हायला लागला तर काकूंना जीपमध्ये घाला आणि सुटा. मुहूर्त बारा पस्तीसचा आहे."

सकाळी नऊला इंजिन सुरू झालं. अर्धा तास ते जागेवर तापलं. काकू शालू नेसून, पदर डोक्यावरून गच्च बांधून, पाय लांब करून त्या लाल गाडीत बसल्या. मांडीवर रुमाल होता. साडेनऊला आम्ही निघालो.

संपतच्या जीपचा काटा कित्येक वर्षं शून्यावर झोपलेला होता. पण ओझर यायच्या आधीच संपत अस्वस्थ झाला. "सर, अण्णा आज लय सुटलेत. माझी जीप नाय पुरायची." मी त्याला म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस, ते अण्णा आहेत. नेहमीचा पहिला थांबा ओझरला. ओझर गेलं. पिंपळगाव गेलं, तरी अण्णांचे पंचवीस भरेनात. शेवटी भर माळावर थांबले, बोनेट उघडलं, पंचाने वारा घातला. मी जवळ गेलो तर रस्त्याकडेच्या दगडाकडे तुच्छतेने बघत म्हणाले, "इकडेपण जवळजवळच रोवलेत."

भावडबारीचा घाट ओलांडला, देवळा मागे पडलं, आणखी एक थांबा झाला. काकू मध्येच एकदा मागे वळून आमच्याकडे बघून हसल्या. वाऱ्याने त्यांचा पदर फडफडत होता. काकूंना असं हसताना मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मांडवाशी पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते.

आचारी अजून वांगी चिरत होते. बॅन्डवाले सावलीत आडवे झाले होते. काकूंचा भाऊ, म्हणजे नवरीचा बाप, बनियनवर समोर आला आणि काकूंना बघून घाबरला. "वाजलं किती?" म्हणून तो आत पळाला. माहेरी काकूंना आक्का म्हणत; आक्का आल्या म्हणजे लग्न लागून गेलं, हा त्या घराचा चार लग्नांचा अनुभव होता. आतून बायकांचा एकच गलका ऐकू आला.

अण्णा मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. आधी घड्याळ हलवून पाहिलं, कानाला लावलं. मग मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, नऊशे सहासष्ट. नव्वदचे छप्पनच भरले. इथपर्यंत चोरी!" मग जरा विचार करून म्हणाले, "चौतीस कमी पडतात. मालेगाव रस्त्याने सतरा जाऊ, सतरा येऊ."

काकूंचा एक पाय गाडीबाहेर आला होता. त्या तशाच थांबल्या.

"मी उतरते," काकू म्हणाल्या.

"हजारावा राहिलाय," अण्णा म्हणाले. दरडावून नाही. अगदी अजिजीने. "अपुरं इंजिन वरातीला कसं देऊ?"

"मन्ही भाचीनं लगीन शे," काकू म्हणाल्या. इतक्या हळू, की मला कसंबसं ऐकू आलं.

अण्णांनी मान खाली घातली. किल्ली फिरवली नाही, हातही काढला नाही. इंजिन थंड व्हायला लागलं होतं. आणि मग काकूंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. आता बारा वाजायला आले होते. अण्णांच्या हिशेबाने चौतीस किलोमीटर म्हणजे दीड तास. मी संपतकडे बघितलं, संपतने माझ्याकडे. काकूंना जीपमध्ये घाला म्हणणं सोपं होतं. त्या जागच्या हलायला तर हव्यात.

तेवढ्यात शेजारच्या जानवशाच्या घरातून हर्षल बाहेर आला. कपाळाला बाशिंग, अंगात शेरवानी. गाडीचा आवाज ऐकून त्याला राहवलं नव्हतं. दारावर रेलून आत वाकला आणि म्हणाला, "अण्णा, किती झाले?"

"नऊशे सहासष्ट."

"मग कधीच झालं की! नऊशे सहासष्ट मैल म्हणजे पुष्कळ झाले."

"मैल?"

"तिकडची गाडी आहे अण्णा. तिकडे सगळं मैलात." त्याने काट्याखालच्या तीन बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. अण्णांचा गाडी चालवायचा चष्मा लांबचा. ती अक्षरं त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. माझा चष्मा जवळचाही होता आणि लांबचाही.

"म्हणजे पंधराशे किलोमीटरच्या वर," मी म्हणालो. गणित येतं हे दाखवायची खोड. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि चाळीस म्हणजे?" जीभ चावायला हवी होती, पण तोंडातून निघून गेलं. "चौसष्ट."

अण्णा इंजिन सुरू करून उतरले. बोनेट उघडून आत वाकले, कान लावला. बाबूशेठ फेटा बांधत बाहेर आले, तर अण्णांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "शेठ, मी तुमच्या इंजिनाचं वाटोळं केलं. रोज चौसष्टने पळवलं. शपथ मोडली." अण्णा खरंच रडत होते. शेठना काहीच कळेना. "गाडी चालते ना, अण्णा?" "चालते." "आवाज कसा आहे?" अण्णांनी पुन्हा कान लावला. बराच वेळ गेला. मग एखादा गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "चांगला आहे." "मग झालं तर," शेठ म्हणाले आणि उरलेला फेटा बांधायला आत गेले.

काकूंनी इंजिन बंद केलं आणि त्या आपण होऊन उतरल्या. अण्णांच्या मनगटाला धरलं. लग्नात धरतात तसा त्यांनी हात धरलेला मी त्याच दिवशी पाहिला. "आते चाला," म्हणाल्या.

"बोनेट उघडं आहे..."

"राहू द्या उघडं. कोंबडी आहे का उडून जायला?"

बारा पस्तीसला मंगलाष्टकं सुरू झाली. काकू पहिल्या रांगेत. त्यांनी रुमालाच्या चार गाठी एकेक करून सोडल्या. तांदूळ जुने, कुंकू उडून पांढरे पडलेले. त्यात त्या दिवशीच्या ताज्या अक्षता मिसळल्या, त्यातल्या अर्ध्या अण्णांच्या ओंजळीत दिल्या, आणि शेवटच्या 'सावधान'ला पाच लग्नांच्या अक्षता एकदम टाकल्या. भटजींच्या डोळ्यात गेल्या. नवरीच्या मुंडावळ्यांत अडकल्या. अण्णा मात्र ओंजळ धरून तसेच उभे होते. काकूंनी कोपराने ढोसलं तेव्हा त्यांनीही टाकल्या, एकेक करून, हळूहळू.

परत आल्यावर अण्णांनी दुसरा अर्ज लिहिला. तोही मीच तपासला. "माझ्या पूर्वीच्या अर्जात नमूद केलेले साडेदहा किलोमीटर सापडले आहेत. तसदीबद्दल क्षमा असावी." त्यानंतर त्यांनी कुणाचं इंजिन हातात घेतलं नाही. तशी वेळही फारशी आली नाही. नव्या गाड्यांच्या पुस्तकातून ते पानच हळूहळू गळून गेलं. लोक शोरूममधून निघायचे ते थेट शिर्डीला, तेही शंभरने. अण्णा ओट्यावर बसून ऐकायचे आणि एखाद्या इंजिनाला त्रास होतोय असं वाटलं की आत निघून जायचे.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "सर, आमचे फोरमन म्हणाले होते ना, याने अजून जग पाहिलं नव्हतं." मी हो म्हणालो. आत काकू मिक्सर फिरवत होत्या. अण्णांनी त्या दिशेला मान हलवली आणि म्हणाले, "हिनं तरी कुठं पाहिलंय?"

निवृत्तीनंतर ते दोघं सटाण्याला राहायला गेले. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक नवी छोटी मोटार घेतली, असं कुणाकडून तरी समजलं. मला वाटलं, आता ती पहिली पाच वर्षं तरी दुसऱ्या गिअरमध्ये राहणार.

त्याच सुमारास मे महिन्यात मी एका कामासाठी देवळ्याला गेलो होतो आणि एसटीने नाशिकला परतत होतो. ऐन लग्नसराई, रस्ताभर मांडव. पुढच्या सीटवर बसलो होतो, म्हणून मला दिसलं. मागून एक रुपेरी मोटार आली आणि आमच्या बसच्या अंगाला वारा लावून सुसाट पुढे गेली. आत एका बाजूला शालूचा पदर डोक्यावरून गच्च बांधलेला, दुसऱ्या बाजूला स्टीअरिंगवर दोन्ही हात, पाठ ताठ, मफलर. मी खिडकीतून हाका मारल्या. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मोटारीच्या मागे पत्र्याची पाटी दोन आकड्यांवर खडखड नाचत होती. आमच्या ड्रायव्हरने ती वाचली आणि तो भडकला. "कृपया पुढे जा म्हणतोय! जाऊ कसा?" त्याने जमेल तेवढं दामटलं, पण घाट यायच्या आत ती दिसेनाशी झाली.

त्या दोघांचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा व्हायचे होते. पोहोचले असतील वेळेत.